अंदमान की श्रीलंका? एप्रिलअखेरच्या सुट्टीत बेटावरचे प्राणी-पक्षी बघायचे असतील तर

प्रश्न असा आहे. जुळे सोलापूरमधलं पाच जणांचं कुटुंब आहे. नवरा-बायको, पंधरा वर्षांची मुलगी, अकरा वर्षांचा मुलगा आणि 68 वर्षांच्या आजी. मुलीला पक्ष्यांची आवड लागली आहे, मुलाला हत्ती आणि बिबट्या बघायचा आहे, आजींचे गुडघे दुखतात. शाळेच्या परीक्षा संपल्या की 26 एप्रिलच्या आसपास निघायचं आणि आठ-नऊ रात्रींत परत यायचं. ट्रॅव्हल एजंटनं दोन कार्यक्रम दिलेत. एक अंदमानचा, दुसरा श्रीलंकेचा. श्रीलंकेच्या कार्यक्रमात कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा, कोलंबो आणि मध्ये एक दुपार ‘याला’ नावाचं अभयारण्य. यातलं कुठलं घ्यावं, असं त्यांनी विचारलं आहे. मी सोलापुरातून निसर्ग बघायला जाणाऱ्या लोकांचे गट घेऊन बरीच वर्षं फिरतो आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

माझं उत्तर श्रीलंका असं आहे, पण एजंटनं दिलेला कार्यक्रम घेऊ नका. कँडी, नुवारा एलिया सगळं काढून टाका आणि फक्त दक्षिणेकडचा भाग धरा. चार मुक्काम, प्रत्येक ठिकाणी किमान दोन रात्री. एजंटच्या यादीतली गावं सुंदर आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण त्या कार्यक्रमात तुमचा निम्मा दिवस गाडीत जातो, आणि प्राणी दिसण्याच्या ज्या वेळा, म्हणजे सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी साडेतीन ते सहा, त्याच नेमक्या प्रवासात किंवा हॉटेल बदलण्यात संपतात. वन्यजीव बघायच्या सुट्टीचा हिशेब तुमच्याकडे किती सकाळी आहेत यावर करायचा असतो. एजंटच्या कार्यक्रमात जंगलातली एकही सकाळ नाही. मी सांगतो त्यात निदान सहा आहेत.

आधी अंदमानबद्दल, कारण बहुतेकांचा कल तिकडं असतो. पासपोर्ट लागत नाही, आपलाच देश आहे, समुद्र नितळ आहे. पण तुमच्या मुलाला हत्ती-बिबट्या बघायचाय, आणि अंदमान ही मोठ्या प्राण्यांची जागा नाही. ही बेटं मुख्य भूमीपासून फार लांब, खोल समुद्रात आहेत. तिथं मूळचा मोठा म्हणावा असा जमिनीवरचा सस्तन प्राणी म्हणजे रानडुक्कर. बाकी वटवाघळं, उंदीर, चिचुंद्र्या. रॉस बेटावर हरणं दिसतात ती इंग्रजांनी नेऊन सोडलेली, आणि इंटरव्ह्यू बेटावरचे हत्ती लाकूड ओढायला नेलेल्यांचे वंशज आहेत. अंदमानचं खरं धन वेगळं आहे. वीसहून अधिक पक्षी असे आहेत की जे जगात फक्त या बेटांवर राहतात. प्रवाळ आहे, खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, आणि डिगलीपूरजवळच्या कालीपूर किनाऱ्यावर समुद्री कासवांच्या चार जाती अंडी घालायला येतात. पण कासवांचा हंगाम साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. एप्रिलअखेरीस तुम्ही तिथं गेलात तर तो संपलेला असेल, आणि मे महिन्यात पावसाळा सुरू होतो. शिवाय डिगलीपूरपर्यंत रस्त्यानं जायचं तर जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव क्षेत्रातून ताफ्यानं जावं लागतं. तिथं थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, आणि हा नियम अगदी मनापासून पाळायचा असतो. मुलीची पक्ष्यांची आवड टिकली तर दोन-तीन वर्षांनी नाताळच्या सुट्टीला जोडून जानेवारीत अंदमानला जा, पक्षी बघायला चिडिया टापूला दोन संध्याकाळी घालवा, आणि कालीपूरला कासवं बघा. तेव्हा अंदमानचं चीज होईल.

श्रीलंकेची गोष्ट निराळी आहे. भारत आणि श्रीलंकेमधला पाल्कचा समुद्र उथळ आहे. हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली की तिथं जमीन उघडी पडायची, आणि आपल्याकडचे प्राणी चालत पलीकडं जायचे. म्हणून तिथं हत्ती आहे, अस्वल आहे, चितळ आहे, बिबट्या आहे. पण वाघ नाही. रत्नपुरा भागात वाघाचे जीवाश्म सापडलेत, म्हणजे कधीकाळी होता, पुढं नाहीसा झाला. त्यामुळं तिथल्या जंगलात बिबट्यावर कुणी नाही. आपल्याकडचा बिबट्या उसात, दरीत, अंधारात लपून राहतो. तिथला दिवसाढवळ्या खडकावर आडवा पडलेला दिसू शकतो, आणि त्याचं एक कारण त्याला हाकलणारा वाघ तिथं नाही हे मानलं जातं. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात तुम्ही गेलाच असाल. तिथला लांडगा आणि काळवीट मात्र श्रीलंकेत नाही, कोल्हा आहे. मुलांना निघायच्या आधी हे सांगा. काय आहे आणि काय नाही, आणि का नाही, हा विचार डोक्यात असला की बेटावर बघण्याची नजरच बदलते.

आता ऋतू. श्रीलंकेत दोन पावसाळे आहेत. नैर्ऋत्येचा मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत दक्षिण-पश्चिम भागात, आणि ईशान्येचा साधारण ऑक्टोबर ते जानेवारी पूर्व आणि उत्तरेकडं. एप्रिल हा मधला काळ. सकाळी ऊन, दुपारनंतर गडगडाट आणि एखादी जोरदार सर, असं चालतं. सकाळ कोरडी मिळते हे आपल्याला पुरेसं आहे. 13-14 एप्रिलला सिंहली आणि तमिळ नववर्ष असतं, त्या आठवड्यात सगळा देश सुट्टीवर निघतो आणि अभयारण्यांत जीपच्या रांगा लागतात. तुम्ही 26 नंतर जाताय, ही गर्दी टळली. पौर्णिमेला मात्र तिथं सार्वजनिक सुट्टी असते, ती तारीख कॅलेंडरमध्ये बघून ठेवा आणि त्या दिवशी याला अभयारण्य ठेवू नका.

दिवाळीत जावं का, असंही लोक विचारतात. माझं मत नको असं आहे. ऑक्टोबरच्या सुमारास ईशान्येचा पाऊस सुरू होतो, आणि याला अभयारण्याचा मुख्य भाग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बरेचदा बंद ठेवतात.

मार्ग असा धरा. सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबई, तिथून विमानानं अडीच-तीन तासांत कोलंबोजवळचा कटुनायके विमानतळ. चेन्नईमार्गेही जाता येतं, चेन्नईहून उड्डाण आणखी छोटं आहे, पण सोलापूर-चेन्नई रेल्वेचा प्रवास आजींना लांब पडेल. कोलंबोत मुक्काम करू नका. दक्षिणेकडच्या द्रुतगती मार्गानं थेट मिरिस्साला जा, तीन-साडेतीन तास. तिथं समुद्रावर दोन रात्री, मग याला अभयारण्यासाठी तिस्समहाराम तीन रात्री, हत्तींसाठी उडवलवे दोन रात्री आणि सिंहराजाच्या पावसाळी जंगलाला दोन रात्री. सिंहराजाहून विमानतळ चार-पाच तास. बरेच जण हेच वर्तुळ उलटं करतात आणि मिरिस्सा शेवटी ठेवतात, दमून समुद्रकिनारी विसावा म्हणून. एप्रिलअखेरीस तसं करू नये. दक्षिण किनाऱ्यावर देवमासे बघायचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, नंतर समुद्र खवळू लागतो. एकेक दिवस उशीर म्हणजे बोट न सुटण्याची शक्यता वाढते. म्हणून समुद्र आधी, डोंगर नंतर.

मिरिस्साला एवढं महत्त्व का, ते सांगतो. बेटाच्या दक्षिण टोकाला, देवुंदरा टोकाजवळ, उथळ समुद्राचा पट्टा अगदी अरुंद आहे. किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की तळ एकदम खोल जातो. खोल पाण्यातलं अन्न किनाऱ्याच्या जवळ मिळतं, म्हणून निळे देवमासे जवळ येतात. जगातले बहुतेक निळे देवमासे उन्हाळ्यात ध्रुवाकडच्या थंड पाण्यात जातात, उत्तर हिंदी महासागरातले मात्र वर्षभर उष्ण पाण्यातच राहतात. पृथ्वीवर आजवर झालेल्या सर्वांत मोठ्या प्राण्याला बघायला आपल्याला एका सकाळची बोट पुरते, हे मला आजही फार मोठं भाग्य वाटतं. बोट पहाटे साडेसहाच्या सुमारास निघते. आधी दूरवर पाण्याचा उंच फवारा दिसतो, मग लांबच लांब निळसर-करडी पाठ सरकत राहते, आणि खोल बुडी मारताना कधी शेपटी वर येते. शेपटी दिसलीच पाहिजे असा हट्ट धरू नका. जे बोटवाले देवमाशाच्या मागं धावतात, त्याच्या पुढून वळसा घालतात, त्यांची बोट घेऊ नका. नियमानं अंतर राखावं लागतं, साधारण शंभर मीटर. बुक करताना सरळ विचारा, तुम्ही किती लांब थांबता? उत्तर देणाऱ्याचा सूर ऐकला की कळतं. या देवमाशांना आधीच मोठा धोका आहे तो मालवाहू जहाजांचा, कारण जगातला एक वर्दळीचा सागरी मार्ग इथूनच जातो. 2022 मध्ये एका मोठ्या जहाज कंपनीनं आपली जहाजं आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली, हे फार चांगलं पाऊल होतं. आपण बघायला येणाऱ्यांनी त्यात भर घालू नये.

आजींना बोटीवर न्यायचं का? मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी, रिकाम्या पोटी जाऊ नये, तेलकट खाऊ नये, आणि बोटीच्या मधल्या भागात खालच्या मजल्यावर बसावं. तरी चार-पाच तास डुलणं आहे. मला विचाराल तर आजींनी त्या सकाळी किनाऱ्यावर थांबावं आणि सोबत एक जण राहावं. दोन रात्री ठेवल्यात त्या याचसाठी, आज एक जण गेलं, उद्या दुसरं.

मिरिस्साहून तिस्समहाराम दोन तासांच्या आत येतं. हे याला अभयारण्याचं गाव. याला अभयारण्य एकूण साधारण 979 चौरस किलोमीटर आहे, पण पर्यटक जातात तो पहिला विभाग त्याचा छोटासा तुकडा, जेमतेम 140 चौरस किलोमीटरचा. बिबट्यांची वस्ती जगात सगळ्यात दाट जिथं आहे अशा मोजक्या जागांत या विभागाचं नाव घेतलं जातं. म्हणूनच गर्दी. मोसमात दिवसाला शेकडो जीप आत जातात. बिबट्या दिसल्याचा फोन एका ड्रायव्हरला आला की पाचपन्नास जीप धुरळा उडवत एकाच जागी धावतात, प्राण्याच्या वाटेत आडव्या लागतात, आणि मागच्यांना काहीच दिसत नाही. अशा सफारीतून लोक चिडून परत येतात आणि यालाला नावं ठेवतात. यालाचा दोष नाही, आपण ड्रायव्हरला काय सांगतो त्यावर बरंच अवलंबून आहे. ड्रायव्हरला वाटतं पाहुण्यांना फक्त बिबट्या हवा, आणि बिबट्या दिसला तरच बक्षिसी मिळेल. म्हणून निघायच्या आधीच शांतपणे सांगा: दादा, बिबट्या दिसो न दिसो, तुमची बक्षिसी ठरलेली आहे. गाडी हळू चालवा, फोन आला तरी धावू नका, पाणवठ्यावर थांबूया. एवढं बोलल्यावर तोच ड्रायव्हर वेगळा होतो. त्याला जंगल येतं, त्याला ते दाखवायचं असतं, फक्त कुणी विचारत नाही.

पाणवठ्यावर थांबणं म्हणजे काय, ते मुलांना समजावून सांगा. एप्रिलअखेर आतली बरीच डबकी आटत आलेली असतात आणि सगळी वर्दळ उरलेल्या पाण्यापाशी होते. गाडी बंद करून अर्धा तास बसायचं. आधी बगळे, चित्रबलाक, मगरी दिसतील. रानम्हशी पाण्यात डुंबत असतील. चितळांचा कळप पाण्याकडं येताना एक-एक पाऊल टाकतो, थांबतो, कान वळवतो. मग एखादी मादी मान ताठ करते, पुढचा पाय आपटते आणि तीक्ष्ण आवाज काढते. हा इशारा. झाडावर वानर असेल तर तोही खाकरल्यासारखा ओरडू लागतो. चितळ ज्या दिशेला बघतंय तिकडं बघायचं, आवाज आला त्या दिशेला नाही. एकाच आवाजावर विसंबू नये, चितळ एखाद्या कोल्ह्यालाही ओरडतं. पण चितळ आणि वानर दोघं, पुन्हा पुन्हा, एकाच दिशेला ओरडू लागले तर त्या झाडीत बिबट्या असण्याची शक्यता दाट. यालात मोठमोठे खडक आहेत, सकाळच्या उन्हाला बिबट्या त्यावर येऊन पडतो, म्हणून दुर्बिणीनं खडकांचे माथे सारखे तपासत राहायचं. ही भाषा ज्याला यायला लागली, त्याला बिबट्या दिसला नाही तरी त्या सकाळचं काही कमी होत नाही.

यालाला दोन सफारी करा, दोन्ही सकाळच्या. फाटक सहाला उघडतं, तुम्ही सव्वापाचला रांगेत असायला हवं. दिवसभराची सफारी घेऊ नका, दुपारी अकरा ते तीन प्राणी सावलीत असतात आणि आजी-मुलं उन्हात. आपण सोलापूरचे लोक 42 अंशांना सरावलेलो, पण तिथली 33-34 ची दमट हवा अंगाला वेगळीच लागते. पाणी भरपूर, आणि ओआरएसची पाकिटं. तिसरी सकाळ बुंदलाला द्या. ही खाऱ्या पाण्याच्या सरोवरांची पाणथळ जागा, 1990 मध्ये श्रीलंकेतलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलेली. पूर्वी इथं रोहित पक्ष्यांचे मोठे थवे असत. वरच्या सिंचन प्रकल्पाचं गोडं पाणी सरोवरांत उतरू लागलं, खारटपणा घटला, आणि रोहित गेले. उजनीच्या पाण्यावर रोहित बघितलेल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळेल: पाण्यातलं मीठ थोडं बदललं तरी पक्ष्याचं अन्न बदलतं. एप्रिलमध्ये हिवाळी पाहुणे परतलेले असतात, तरी स्थानिक पाणपक्षी, मगरी, आणि कधी हत्ती दिसतो. गर्दी नाही. तुमच्या मुलीला यालापेक्षा बुंदला जास्त आवडेल असं मला वाटतं.

अस्वलाबद्दल एक गोष्ट. यालात पालू नावाचं झाड आहे, आपली खिरणी तीच. तिची फळं पिकली की अस्वल झाडावर चढून दिवसाढवळ्या खात बसतं. पण फळं मेअखेर ते जुलैत पिकतात, तुमच्या वेळेला अस्वल दिसलं तर नशीब समजा.

उडवलवे हे हत्तींचं ठिकाण, आणि तुमच्या मुलासाठी सगळ्यात खात्रीचं. मोठ्या जलाशयाभोवतीचं साधारण 308 चौरस किलोमीटरचं हे राष्ट्रीय उद्यान 1972 मध्ये झालं. मोकळं गवताळ रान आहे, त्यामुळं हत्ती वर्षभर आणि लांबून दिसतात. माद्या, पिल्लं, म्हातारी आजी हत्तीण, सगळा गोतावळा एकत्र. मुलाला एक निरीक्षण करायला सांगा: नरांना सुळे आहेत का? आपल्याकडच्या बहुतेक नरांना मोठे सुळे असतात, श्रीलंकेत मात्र दहातल्या एकालाही नसतात. सुळेवाला दिसला तर जीपमधले सगळे एकदम उठून उभे राहतात. उभं राहू नका, आवाज करू नका. हत्तीनं कान फडकवणं थांबवून ते पसरून धरले, सोंड आत वळवली, समोर येऊन उभा राहिला, तर ड्रायव्हरला गाडी मागं घ्यायला सांगा. फोटो नंतर.

उद्यानाशेजारी हत्तींच्या अनाथ पिल्लांचं तात्पुरतं संगोपन केंद्र आहे, 1995 पासूनचं. विहिरीत पडलेली, आईपासून ताटातूट झालेली पिल्लं इथं वाढवतात आणि मोठी झाली की पुन्हा जंगलात सोडतात. दिवसातून ठरावीक वेळा दूध पाजतात, ते कठड्यामागून बघता येतं. हात लावू देत नाहीत, आणि तेच योग्य आहे, कारण माणसाला सरावलेला हत्ती जंगलात टिकत नाही. आजींनाही हे बसून बघता येईल. याउलट, हत्तीवर बसायची किंवा हत्तीला अंघोळ घालायची सोय जिथं असेल तिथं जाऊ नका, मुलांनी कितीही आग्रह केला तरी. उद्यानाच्या कडेच्या रस्त्यावर विजेच्या कुंपणापलीकडं हत्ती येऊन उभे राहतात आणि लोक त्यांना फळं देतात. गाडी थांबवूही नका. श्रीलंकेत दरवर्षी माणूस आणि हत्तीच्या संघर्षात शेकडो हत्ती मरतात, आणि शंभराहून जास्त माणसंही. रस्त्यावर खायला मिळतं हे शिकलेला हत्ती उद्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरात शिरतो.

हत्तींचा सर्वांत मोठा मेळा मिन्नेरियाला भरतो, पण तो ऑगस्ट-सप्टेंबरात. तलाव आटतो, तळाशी कोवळं गवत येतं आणि शेदोनशे हत्ती एकत्र चरतात. तो तलाव तिसऱ्या शतकात महासेन राजानं बांधला. सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठी वाढलेल्या माणसाला तिथं उभं राहिल्यावर वेगळंच वाटतं. पण तुमच्या तारखांत ते बसत नाही.

शेवटचा मुक्काम सिंहराजा, आणि मला विचाराल तर या सगळ्या प्रवासाचा गाभा इथं आहे. हत्ती-बिबट्या भारतातही आहेत. सिंहराजातलं बरंचसं मात्र जगात दुसरीकडं कुठंच नाही. श्रीलंकेत तीसहून अधिक पक्षी फक्त त्या बेटाचे आहेत, आणि त्यातले बहुतेक या एका पावसाळी जंगलात सापडतात. 1970 च्या दशकात इथं यंत्रांनी लाकूडतोड चालू होती. लोकांच्या विरोधामुळं ती थांबली, आणि 1988 मध्ये हे जंगल जागतिक वारसास्थळ झालं. आज आपण चालतो ती कुडावाकडची मुख्य वाट म्हणजे त्याच लाकूडतोडीचा जुना रस्ता. रुंद आहे, चढ सौम्य आहे, आजी थोड्या अंतरापर्यंत काठी टेकत येऊ शकतील. फाटकापर्यंतचा चढाचा रस्ता खराब आहे, तिथं स्थानिक जीप करा. आत पायीच जायचं, आणि स्थानिक वाटाड्या सोबत घ्यायचा. वाटाड्याला पैसे देताना घासाघीस करू नका, या जंगलात त्याच्याशिवाय तुम्हाला हिरव्या पानांपलीकडं फारसं काही दिसणार नाही.

इथले पक्षी मिळून फिरतात. तासभर जंगल सुनं असतं, आणि मग अचानक आजूबाजूच्या फांद्या हलू लागतात. पुढं नारिंगी चोचीचे सातभाई कलकलत येतात, त्यांच्यासोबत शेंडीवाला कोतवाल, मागोमाग सुतार, लाल तोंडाचा मलकोहा, आणि नशीब असेल तर निळा मॅगपाय, लाल चोच, तांबूस डोकं आणि पंख, बाकी झळझळीत निळा. पाच-दहा मिनिटांत थवा पुढं निघून जातो. त्यामागं धावायचं नाही. सातभाईंचा आवाज ओळखून घ्यायचा, थवा कुठल्या बाजूला सरकतोय ते बघायचं, आणि पुढं जाऊन उभं राहायचं. मुलीला वहीत एकच काम द्या: थव्यात कोण खालच्या झुडपात आहे, कोण मध्ये, कोण शेंड्यावर, एवढं टिपायचं. नावं नंतर पुस्तकात बघता येतील. आणि तिला हेही सांगा की 1995 मध्ये दीपाल वारकागोडा या पक्षी अभ्यासकानं इकडच्याच पावसाळी जंगलात एका अनोळखी घुबडाचा आवाज ऐकला. पक्षी दिसला नाही. ते शोधत राहिले, आणि 2001 मध्ये सिंहराजात ते घुबड डोळ्यांनी दिसलं. 2004 मध्ये ती विज्ञानाला नवी जात म्हणून नोंदली गेली. नुसता आवाज लक्षात ठेवून सहा वर्षं शोध चालू ठेवणं, हे पंधरा वर्षांच्या मुलीला त्याच जंगलात उभं राहून ऐकायला मिळायला हवं.

जळवा असतात, भरपूर असतात. घाबरण्यासारखं काही नाही, त्या रोग देत नाहीत, पण मन दचकतं. जाड सुती कापडाचे गुडघ्यापर्यंतचे जळवांचे मोजे तिथं फाटकाजवळ मिळतात, पँट आत खोचून वरून घालायचे. चिकटलीच तर नखानं तिचं तोंड बाजूला सरकवून काढा, चटका देऊ नका, ओढूही नका. रक्त थोडा वेळ वाहतं, पुसून पट्टी लावली की झालं. आजी रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर त्यांना आत नेऊ नका, निवासाच्या व्हरांड्यातूनही पुष्कळ पक्षी दिसतात, रानकोंबडा तर अंगणात येतो. तो श्रीलंकेचा राष्ट्रीय पक्षी आहे.

जेवणाचं सांगतो, कारण शाकाहारी घरांची तिथं अडचण होते ती नारळाच्या सांबोलात. दिसायला ती आपली ओल्या खोबऱ्याची चटणी, पण तिच्यात बऱ्याचदा सुक्या माशाचा चुरा असतो. प्रत्येक ठिकाणी आधी विचारा. भात, डाळ, भाज्या, आप्पम, फणसाची भाजी हे सगळं उत्तम मिळतं. सोबत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घ्या, पहाटे पाचला निघताना हॉटेलचा नाश्ता तयार नसतो तेव्हा जीपमध्ये तीच उपयोगी पडते. उद्यानात मात्र गाडीतून काही बाहेर टाकायचं नाही आणि माकडांना द्यायचं नाही.

दुर्बीण 8×42 ची एक तरी घ्या, दोन असल्या तर भांडणं टळतात. मोठी लेन्स भाड्यानं आणायचा विचार असेल तर सोडून द्या, जीपमध्ये पाच जणांत ती अडचणच होते. निघायच्या आधी दोन रविवारी पहाटे हिप्परगा तलावावर आणि नान्नजच्या माळावर जा. दुर्बिणीत पक्षी पटकन पकडणं, बोलल्याशिवाय बोट दाखवणं, अर्धा तास हलल्याशिवाय बसणं, ही सवय इथं लागली तर तिथले पहिले दोन दिवस वाया जात नाहीत. कपडे मळखाऊ रंगाचे, पांढरा आणि भडक लाल नको. जीपची पायरी उंच असते. एजंटला लेखी कळवा की सोबत गुडघेदुखी असलेल्या आजी आहेत, चढायला स्टूल आणि पुढची सीट हवी. पाच जणांना एक पूर्ण जीप घ्या, अनोळखी लोकांसोबत वाटून घेतलेल्या जीपमध्ये थांबायचं कधी आणि निघायचं कधी हे तुमच्या हातात राहत नाही.

व्हिसाची ऑनलाइन परवानगी श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा, शुल्काचे नियम बदलत राहतात, त्यामुळं निघायच्या महिनाभर आधी पुन्हा तपासा. अभयारण्यांचं परदेशी पाहुण्यांचं शुल्क डॉलरमध्ये असतं आणि ते स्थानिकांपेक्षा बरंच जास्त आहे, मात्र बऱ्याच ठिकाणी सार्क देशांच्या नागरिकांना सवलत मिळते. त्यासाठी मूळ पासपोर्ट फाटकावर दाखवावा लागतो, हॉटेलच्या तिजोरीत ठेवून जाऊ नका. एजंटकडून दर घेताना अभयारण्याचं प्रवेशशुल्क, जीप आणि वाटाड्या यांचे आकडे वेगवेगळे लिहून मागा, आणि सकाळच्या सफारी किती हे कार्यक्रमपत्रिकेत स्पष्ट लिहून घ्या. तो सहाऐवजी दोन सकाळी देत असेल, तर दुसरा एजंट बघा.